घरशाळेत वाचून दाखवायचं पुस्तक : निवड कुणाची आणि कशासाठी?



आजचा विषय ऐकायला लहान आहे. चार, पाच, सहा वर्षांचं मूल. ते बालवाडीत जात नाही, घरीच शिकतं. आईवडील रोज त्याला जवळ घेऊन मोठ्याने पुस्तक वाचून दाखवतात. ते पुस्तक कोणतं असावं आणि ते कशाच्या आधारावर ठरवावं, एवढाच आपला प्रश्न.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांनी यात कशाला पडावं, असं कुणी विचारील. तर हा प्रश्न तत्त्वज्ञानाला मुळीच नवा नाही. प्लेटोने तो विचारला, रूसोने विचारला. दोघांनी दिलेली उत्तरं आजच्या पालकांच्या पुस्तकयाद्यांमध्ये, त्यांच्या नकळत, शिरून बसली आहेत. ती बाहेर काढून तपासणं हे आपलं आजचं काम.

आधी परिस्थिती बघू. होमस्कूलिंग, ज्याला आपण आज सोयीसाठी 'घरशाळा' म्हणू, ते मुख्यतः अमेरिकेत फोफावलं. तिथे १९९३ पासून ते सगळ्या राज्यांत कायदेशीर आहे. तिथल्या जनगणना कार्यालयाच्या पाहणीत, शाळेच्या वयाची मुलं असलेल्या कुटुंबांपैकी २०२० च्या वसंतात सुमारे ५.४ टक्के कुटुंबांनी आपण घरीच शिकवतो असं सांगितलं. त्याच वर्षीच्या शरदात तो आकडा ११.१ टक्क्यांवर गेला. महामारीचा काळ होता, हे लक्षात ठेवू. आपल्याकडचा २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांबद्दल बोलतो, म्हणजे बालवाडीच्या वयाचं मूल त्याच्या बाहेरच राहतं. पुण्या-मुंबईत आणि परदेशातल्या मराठी घरांमध्येही आता काही आईवडील ही वाट धरतात. आणि ती धरली की पहिल्यांदा हातात काय येतं? पुस्तकांची यादी. बहुधा तिकडचीच.

घरशाळेतली मुलं एकलकोंडी होतात, असा एक ठरीव आक्षेप असतो. तो आपण इथे घेणार नाही. त्या मुलांना अंगण असतं, भावंडं असतात, आजी-आजोबा असतात. आपला मुद्दा त्याहून बारीक आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाला बाई एक गोष्ट सांगतात, आजी दुसरी सांगते, शेजारची ताई त्या दोन्हींच्या उलट काहीतरी सांगते. घरशाळेतल्या वाचनाच्या त्या अर्ध्या तासात मात्र पुस्तक निवडणारं माणूस, ते वाचणारं माणूस, अर्थ सांगणारं माणूस आणि शेवटी 'समजलं का?' विचारणारं माणूस, ही चारही माणसं एकच असतात. आई, किंवा बाबा. अशा वेळी पुस्तक हाच काय तो बाहेरून आलेला पाहुणा. आता हा पाहुणाही जर यजमानाला जे म्हणायचं आहे तेवढंच म्हणणारा निवडला, तर मुलाला दोन आवाज ऐकू येत नाहीत. एकच आवाज दोनदा ऐकू येतो.

म्हणून आमचं म्हणणं असं की, घरशाळेसाठी पुस्तक निवडताना 'हे आमच्या मूल्यांशी जुळतं का?' हा पहिला प्रश्न असूच नये. 'आम्ही आपण होऊन जे मुलाला सांगितलं नसतं, ते या पुस्तकात आहे का?' हा पहिला प्रश्न असावा.

हे म्हणणं सहज मान्य होणारं नाही. ते आता जरा तावूनसुलाखून घेऊ.

प्लेटोपासून सुरुवात करू. 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या प्रकरणात सॉक्रेटिस म्हणतो की कोणत्याही कामात आरंभ सर्वांत महत्त्वाचा, विशेषतः कोवळ्या जिवाच्या बाबतीत. कारण त्या वयात जो ठसा उमटवावा तो उमटतो. तेव्हा आया आणि दाया मुलांना ज्या गोष्टी सांगतात त्यांवर देखरेख हवी. चांगल्या तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या टाकायच्या. देवादेवांतली भांडणं, बापाने मुलाला आणि मुलाने बापाला छळणं, हे सगळं टाकायचं. 'पण त्यात रूपक आहे, गूढ अर्थ आहे,' असं कुणी म्हटलं तर? प्लेटोचं उत्तर तयार आहे : रूपक कुठे आहे आणि कुठे नाही हे लहान मुलाला कळत नाही.

हा युक्तिवाद हलका नाही बरं का. पाच वर्षांच्या मुलाला रूपक 'रूपक म्हणून' कळत नाही, हे खरंच आहे. पण प्लेटो एक गोष्ट गृहीत धरतो : गोष्ट म्हणजे शिक्का आणि मूल म्हणजे मेण. शिक्का उमटला की काम संपलं. मेण उलट प्रश्न विचारत नाही. मूल विचारतं.

आता रूसो. त्याचा 'एमिल' १७६२ साली प्रसिद्ध झाला. एक मूल, एक शिक्षक, समाजापासून दूर घेतलेलं शिक्षण. तत्त्वज्ञानाच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध घरशाळेचा विद्यार्थी कोण, असं विचारलं तर एमिलचंच नाव घ्यावं लागेल. रूसो त्याला लहानपणी पुस्तकंच देत नाही. पुढे देतो तेही पहिलं एकच, 'रॉबिन्सन क्रूसो'. आणि वाटेत तो ला फोंतेनच्या कावळा-कोल्ह्याच्या गोष्टीची शब्दन् शब्द चिरफाड करतो. कावळा झाडावर, चोचीत चीज, खाली कोल्हा. कोल्हा स्तुती करतो, कावळा गायला चोच उघडतो, चीज खाली पडतं. मोठी माणसं म्हणतात, मूल यातून स्तुतीला भुलू नये हे शिकतं. रूसो म्हणतो, अहो, जरा मुलाकडे बघा! मूल कावळ्याला हसतं आणि कोल्ह्याच्या बाजूला जाऊन बसतं. फसू नये हे ते शिकत नाही, फसवावं कसं हे शिकतं. मुंगी आणि रातकिड्याच्या गोष्टीतही तेच. तुम्हाला वाटतं मूल उद्योगीपणा शिकेल. ते शिकतं दारात आलेल्या भुकेल्याला नाही म्हणायला, आणि वर टोमणा मारायला.

रूसोचं निरीक्षण अचूक आहे. तात्पर्य एकीकडे आणि मूल दुसरीकडे, हे त्याने बरोबर पकडलं. पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष आम्हाला पटत नाही. मूल कोल्ह्याची बाजू घेतं, म्हणून गोष्टच काढून टाका, असं तो म्हणतो. आपण विचारू : मूल कोल्ह्याची बाजू घेतं, हीच बोलण्याची जागा नाही का? चीज कुणाचं होतं? कावळ्याने ते कुठून आणलं होतं? मूल हे विचारू लागलं की मूळ गोष्टीचं तात्पर्य मागे पडतं, आणि खरं शिक्षण तिथून सुरू होतं.

म्हणजे प्लेटो आणि रूसो दोघेही पहारेकरी. एक निवडून आत सोडतो, दुसरा बहुतेकांना आत सोडतच नाही. आजचा जागरूक पालक यांतला एक कुणीतरी असतोच.

आता आजच्या याद्यांकडे वळू. घरशाळेच्या जगात एक नाव वारंवार येतं : शार्लट मेसन, १८४२ ते १९२३. इंग्लंडमधल्या अँबलसाइड या गावी त्यांनी शिक्षिका तयार केल्या. 'होम एज्युकेशन' हे त्यांचं पुस्तक १८८६ चं. त्यांनी पुस्तकांचे दोन वर्ग केले : जिवंत पुस्तकं आणि पचपचीत बडबड. विषयावर प्रेम असलेल्या माणसाने चांगल्या भाषेत लिहिलेलं, मुलाला 'बिचारं लहान आहे' असं न समजणारं पुस्तक हे जिवंत. मुलाला कळावं म्हणून पाणी घालून घालून पातळ केलेली ती बडबड. आणखी एक शहाणपण त्यांच्याकडे होतं. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला 'काय ऐकलंस ते सांग बघू' असं विचारायचं नाही. ऐकू द्या, सोडून द्या.

हा भेद मोलाचा आहे आणि मराठी पालकांनी तो जरूर घ्यावा. आपल्याकडे चकचकीत कागदावर, भडक रंगांत, 'एक होता ससा, तो खूप शहाणा होता' छापाची जी पुस्तकं ढिगाने मिळतात, ती मेसनबाईंनी दारातूनच परत पाठवली असती. पण त्यांची कसोटी भाषेचा कस बघते, आवाजांची संख्या मोजत नाही. त्यांच्या नावाने आज फिरणाऱ्या याद्या बघा. त्यांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांचा मोठा भरणा असतो. एकेक पुस्तक उत्तम. पण नाशिकच्या फ्लॅटमध्ये ती अख्खी यादी आली, की मुलाला हेजहॉग ओळखता येतो आणि साळिंदर म्हणजे काय ते विचारावं लागतं. परक्या पुस्तकाला आपला विरोध नाही. आपण तर परका पाहुणा हवाच म्हणतो आहोत. अडचण अशी की सगळे पाहुणे एकाच गावचे आले, तर तोही पुन्हा एकच आवाज होतो.

दुसरा नमुना 'फाइव्ह इन अ रो' या अमेरिकन अभ्यासक्रमाचा. जेन क्लेअर लँबर्ट यांनी तयार केलेला, घरशाळेत खूप वापरला जाणारा. कल्पना साधी आहे : एकच चित्रपुस्तक पाच दिवस रोज वाचायचं, आणि रोज त्यावरून एक विषय घ्यायचा. समाजशास्त्र, भाषा, चित्रकला, गणित, विज्ञान. तेच पुस्तक पाचदा वाचणं ही यातली खरोखर चांगली गोष्ट. मुलाला तेच हवं असतं. पण विषय काढण्याच्या नादात गोष्ट ही टोप्या टांगायची खुंटी होऊन बसण्याचा धोका असतो. पाच दिवसांत पाच टोप्या टांगल्या जातात, आणि खुंटीकडे कुणी बघत नाही.

याच अभ्यासक्रमाच्या पहिल्या भागात 'द स्टोरी अबाउट पिंग' हे पुस्तक आहे. लेखिका मार्जोरी फ्लॅक, चित्रकार कुर्ट वीझ, साल १९३३. वीझ यांनी चीनमध्ये काही वर्षं काढली होती. हे पुस्तक आपण जरा नीट बघू, कारण आपला सगळा वाद त्यात सामावलेला आहे.

पिंग हे बदकाचं पिल्लू. यांगत्से नदीवर एका होडीत राहतं. आईबाप, बहिणी, भाऊ, अकरा आत्या-मावश्या, सात काका-मामा आणि बेचाळीस चुलत-मामे भावंडं असा गोतावळा. रोज सकाळी सगळी बदकं होडीवरून फळीने काठावर उतरतात, संध्याकाळी धन्याने हाक मारली की परत चढतात. जे बदक सर्वांत शेवटी चढेल त्याच्या पाठीवर एक फटका. एके दिवशी पिंगचं डोकं पाण्यात असतं, हाक ऐकू येत नाही. आपण शेवटचे ठरणार आणि फटका बसणार हे दिसताच तो लपून बसतो. होडी निघून जाते. मग एकटेपणा, एका होडीवरचा मुलगा त्याला पकडतो, त्याची माणसं त्याला शिजवायचं ठरवतात, मुलगा गुपचूप सोडून देतो. शेवटी पिंगला आपली होडी दिसते. या वेळीही तो शेवटचाच आहे. पण या वेळी तो जातो, फटका खातो आणि घरी पोचतो.

आता पालक काय करतात? काही म्हणतात, मुलाला मारण्याचं समर्थन आहे, पुस्तक नको. हे प्लेटोचं उत्तर. काही म्हणतात, छान आहे, वेळेवर यावं आणि मोठ्यांचं ऐकावं हे यातून शिकवता येतं. हे तात्पर्यवाल्यांचं उत्तर. आणि काही फटक्याचं वाक्य गाळून वाचतात. हे तर सगळ्यांत वाईट, कारण मग पिंग लपला कशाला तेच मुलाला कळत नाही.

या तिघांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. रांग म्हटली की कुणीतरी शेवटचं असणारच! सगळी बदकं अगदी वेळेवर आली, सगळी आज्ञाधारक असली, तरी एक शेवटचं असेलच, आणि त्याला फटका बसेलच. म्हणजे हा फटका चुकीसाठी नाहीच. तो शेवटच्या जागेसाठी आहे. पाच वर्षांचं मूल हे असं शब्दांत मांडणार नाही, पण 'सगळे लवकर आले तर मग कुणाला मारणार?' एवढं ते विचारू शकतं. हा प्रश्न न्यायाचा प्रश्न आहे. आम्ही वर्गात शिक्षेच्या उपपत्ती शिकवायचो, तेव्हा पदवीच्या विद्यार्थ्यांना इथपर्यंत आणायला दोन तास लागायचे. आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड : फटका अन्यायाचा आहे, हे माहीत असूनही पिंग परत का गेला? कारण आपली माणसं तिथे आहेत. घर हे असं असतं की जिथे थोडा अन्यायही असतो आणि तरी परत जावंसं वाटतं. हे मुलाला कोणता पालक आपण होऊन सांगेल? आपल्याच घराबद्दल? सांगणारच नाही. म्हणून ते पुस्तकाने सांगावं.

चित्रांबद्दलही एक शब्द. अमेरिकन मुलांसाठी रंगवलेला हा १९३० च्या दशकातला चीन आहे. आज मुलाला दाखवताना 'तिथे आता असं नसतं' एवढं सांगावं लागेल, आणि चिनी लेखक-चित्रकारांचं एखादं पुस्तक शेजारी ठेवावं लागेल. पाहुणा एकटा बोलावू नये, हा त्याचा अर्थ.

दुसरं उदाहरण थोडक्यात. मॉरिस सेंडाक यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर', १९६३. मॅक्स मस्ती करतो, आई त्याला न जेवता झोपायला पाठवते. त्याच्या खोलीत रान उगवतं, तो रानटी प्राण्यांचा राजा होतो, मग कंटाळतो, परत येतो. खोलीत जेवण वाढून ठेवलेलं असतं. ब्रूनो बेटलहाइम या नामांकित मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये एका मासिकातल्या सदरात या पुस्तकावर टीका केली : आईने उपाशी ठेवणं ही मुलाची मोठी भीती, ती कशाला जागवायची? आणि ही टीका त्याने पुस्तक न वाचताच केली होती. आपण निदान वाचून बोलू. मॅक्सचा राग जसजसा वाढतो तसतशी चित्रं पानभर पसरत जातात. धुमाकुळाच्या तीन जोडपानांवर तर एकही शब्द नाही. तिथे वाचणाऱ्याने गप्प बसायचं असतं. मूल बघतं, पालक थांबतात. आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही. जेवण अजून गरम आहे, एवढंच तिथे कळतं. आईने क्षमा केली, माया केली, असलं काही लिहिलेलं नाही. जेवण गरम कसं राहिलं, कुणी ठेवलं, हे मुलाने स्वतः जुळवायचं. वाचून दाखवायच्या पुस्तकात वाचणाऱ्याने कुठे गप्प बसावं हेही लेखकाने ठरवलेलं असतं. याद्या करताना ही बाजू कुणी बघत नाही.

आता आपल्या घरी येऊ. मराठी मूल पहिली गोष्ट ऐकतं ती बहुतेक काऊ-चिऊची. शेणाचं घर वाहून जातं, कावळा भिजत मेणाच्या घराच्या दारात येतो, आणि चिमणी आतून एकेक कारण सांगत दार उघडायचं लांबवत राहते. पुढे काय होतं त्याच्या घरोघरी वेगळ्या तऱ्हा आहेत. मोठ्यांनी याचं तात्पर्य ठरवून टाकलं आहे : कावळा आळशी, चिमणी शहाणी. पण मूल पावसाचा आवाज ऐकतं आणि 'ती दार का नाही उघडत?' असं विचारतं. रूसोची मुंगी इथे चिमणी होऊन बसली आहे. फरक इतकाच की रूसो ही गोष्ट टाकून देईल, आणि आपण ती ठेवू. भोपळ्यातून लेकीकडून परतणारी म्हातारीही घ्या. ती वाघाला चक्क थाप मारते. 'नेहमी खरे बोलावे' अशी पाटी लावलेल्या घरात ही म्हातारी शिरू शकते का? शिरायलाच हवी. खरं कुणाशी बोलायचं, खायला टपलेल्याशीसुद्धा का, हा प्रश्न तिच्याशिवाय घरात कोण आणणार?

पंचतंत्राचं आपण काय केलं आहे तेही बघा. राजाच्या तीन मंद मुलांना विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत शहाणं करायचं, ही त्याची चौकट. तीही एक घरशाळाच. 'मित्रभेदा'त दमनक कोल्हा सिंह आणि बैलाची मैत्री तोडतो. निरपराध संजीवक मारला जातो, पिंगलक शोक करतो, आणि दमनकाचं काहीच बिघडत नाही. त्यातही करटक आणि दमनक एकमेकांच्या विरुद्ध गोष्टी सांगून वाद घालतात. म्हणजे मूळ ग्रंथ हा वादाचा ग्रंथ आहे. बालआवृत्तीत तो येतो तेव्हा वाद गळून पडलेला असतो आणि खाली जाड ठशात 'तात्पर्य' छापलेलं असतं.

'तात्पर्य' हा शब्दच आपण किती स्वस्त करून टाकला! आपल्या परंपरेत तात्पर्य ठरवायला सहा लिंगं, म्हणजे सहा खुणा सांगितल्या आहेत : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. अख्खा ग्रंथ बघायचा, आरंभ-शेवट जुळवायचे, काय पुन्हा पुन्हा येतं ते मोजायचं, मग कुठे तात्पर्य. त्यातल्या दोन खुणा आपल्या फार कामाच्या आहेत. 'अभ्यास' म्हणजे ग्रंथात तेच पुन्हा पुन्हा येणं. गोष्टीतलं पालुपद म्हणजे दुसरं काय? आणि 'अपूर्वता' म्हणजे जे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळलं नसतं ते. आमचा आजचा सगळा मुद्दा या एका शब्दात मावतो. पालकांकडून जे आपोआप कळतंच, त्यासाठी पुस्तक कशाला?

गिजुभाई बधेका यांनी भावनगरात आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हे ओळखलं होतं. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक वर्गात आल्यावर गोष्ट सांगू लागतो, उपदेश नाही. ताराबाई-अनुताईंनी तर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मुलाच्या जगात आपण जायचं असतं, हे त्या शिकवून गेल्या. आजच्या मराठी पुस्तकांत ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'यश' ही पुस्तकं बघा. घरातल्या नेहमीच्या माणसांबद्दल, नेहमीच्या बोलण्यात, शेवटी उपदेशाची पुडी न बांधता लिहिता येतं, याचा तो पुरावा आहे. आणि ती भाषा तोंडात बसते. हे महत्त्वाचं, कारण आपली अनेक बालपुस्तकं छापायला ठीक असतात, पण मोठ्याने वाचू लागलं की पालक दर वाक्याला 'आहे'चं 'असतं' आणि 'त्यामुळे'चं 'म्हणून' करत बसतात.

आता हातात धरता येईल असं काही सांगू.

एक. पुस्तक मुलाला वाचून दाखवण्याआधी स्वतः पूर्ण, मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर पुस्तक दोषी आहे.

दोन. हे विसाव्यांदा वाचायला आपण तयार असू का, ते विचारा. मूल विसाव्यांदा मागणारच आहे. पहिल्या वाचनात संपणारं पुस्तक घेऊ नका.

तीन. यादीतली सगळी पुस्तकं एकाच गावची, एकाच जातीच्या, एकाच तऱ्हेच्या घरातली आहेत का, ते तपासा. शेतावरचं घर, चाळ, झोपडी, वाडी, समुद्र, दुसऱ्या धर्माचा सण, हे सगळं यायला हवं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत आणि इतर भाषांत अशा पुष्कळ गोष्टी फुकट वाचायला मिळतात. त्याही निवडूनच घ्या.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. निवडीचा अधिकार थोडा सोडा. काही पुस्तकं मुलाला निवडू द्या, काही आजीला, मावशीला, शेजारच्या काकांना. आईबाबांना न आवडणारं एखादं पुस्तक घरात असू द्या. आवडलं नाही हे मुलाला सांगायला हरकत नाही, कारणही सांगा. आईला जे आवडत नाही तेही घरात राहू शकतं, हे कळणं हाच एक मोठा धडा आहे.

आता आक्षेप. कुणी म्हणेल, मग काहीही चालेल का? नाही. भीतीने मूल पुस्तक मिटवायला सांगतं तेव्हा पुस्तक मिटायचं, तत्त्वज्ञान सांगत बसायचं नाही. एखाद्या जातीला, रंगाला, शरीराच्या व्यंगाला हसवण्यासाठीच रचलेली गोष्ट टाकायची. तिच्यात प्रश्नाला जागा नसते, हेटाळणीला असते. म्हणजे प्लेटोला आपण पूर्ण निकालात काढत नाही. पहारा हवा. पण पहारेकऱ्याचं काम वाईटाला अडवणं एवढंच असावं. फक्त ओळखीच्यांनाच आत सोडणं हे त्याचं काम नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनेक कुटुंबं घरशाळा घेतात तीच मुळी आपली श्रद्धा, आपली राहणी जपण्यासाठी. त्यांना 'परका आत घ्या' असं सांगणं म्हणजे त्यांच्या हेतूवरच घाला नाही का? आपण त्यांना एवढंच म्हणू की, जी श्रद्धा घरात एकही प्रतिप्रश्न न येता वाढली, ती मुलाची होत नाही. ती आईबापांची उसनी असते. मूल मोठं झाल्यावर प्रश्न येणारच आहेत, आणि तेव्हा ते एकटं असेल. पाचव्या वर्षी ते मांडीवर बसून येतात, तेव्हा उत्तर द्यायला, किंवा 'मला नाही माहीत' म्हणायला, तुम्ही जवळ असता. या दोनांपैकी कोणती वेळ बरी, ते ज्याने त्याने ठरवावं.

चिमणीने दार कधी उघडायचं, हा प्रश्न शेवटी प्रत्येक घरशाळेचा आहे. घर मेणाचं आहे, जपायला हवं, हे मान्य. पण पाऊस पडतोय, आणि बाहेर कुणीतरी उभं आहे. मुलाला ते ऐकू येतंय.

आज इथे थांबू. तुमच्या घरात वाचली जाणारी पुस्तकं या कसोट्यांना लावून बघा, आणि जिथे आमचं म्हणणं टिकत नाही असं वाटेल तिथे जरूर सांगा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू. नमस्कार.